ठासणीची बंदूक आणि परवान्याचा कागद

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या बंदुकीचा परवाना आहे. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. परवान्यात वर्णन एवढेच : ठासणीची, एकनळी, कारण, पीकसंरक्षण. मुठेच्या उजव्या कालव्यावर हडपसरला तेव्हा ऊस होता आणि उसात कोल्हे, रानडुकरे शिरत. आजोबांना चांगली बंदूक निवडता आली नाही, असे मला लहानपणी वाटे. पुढे कायदे वाचले, तेव्हा उलगडले, की निवड त्यांची नव्हतीच.

१८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमाने दोन वर्ग पाडले. स्वसंरक्षण किंवा शिकारीचा खेळ यांसाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची. ठासणीची पुरेशी नाही, हे अधिकाऱ्याला पटले तरच शेतकऱ्याला दुसरी.

हा भेद कागदापुरता नव्हता. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू, चिंध्या आणि छरे भरून गजाने ठासायचे, मागे केप बसवायची. बार एकच. तो हुकला, की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर बांधापलीकडे. शिवाय दारू दमट झाली, की बार फुसका. खरिपाचे रान राखायचे ते नेमके पावसाळ्यात!

शौकीन शिकाऱ्यांकडे बारा बोअरची दुनळी असे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. दुनळी मधोमध मोडते, नळी स्वच्छ आहे का ते डोळ्यांनी दिसते. एक बार फुसका गेला, तरी दुसरा हाताशी.

अमेरिकेत याच काळात पंपाची बंदूक रुळली होती. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची विंचेस्टर १८९७ साली आली, रेमिंग्टन ८७० ही १९५० साली. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे. पुढची मूठ मागे ओढली, की रिकामे बाहेर, पुढे ढकलली, की नवे आत. यंत्र हाताने चालते, म्हणून कमी जोराच्या काडतुसानेही ते अडत नाही. पण जुन्या कागदी काडतुसाला ओल लागली, की ते फुगे. दुनळीतले फुगलेले काडतूस उघड्या नळीतून ओढून काढता येई. पंपात ते आतच अडके. म्हणजे भरवसा बंदुकीइतकाच काडतुसाचा आणि हवेचाही.

पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार उरलीसुरलीही संपली. ते योग्यच झाले. शिकाऱ्याचा प्रश्न त्याबरोबर मिटला. शेतकऱ्याचा मिटला नाही. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला प्राणी मारण्याची परवानगी कायद्यात आजही आहे, पण ती प्रत्येक वेळी मागावी लागते. डुक्कर अर्जाच्या निकालासाठी थांबत नाही.

हडपसरच्या त्या रानात आता इमारती आहेत. कोकणात आणि विदर्भात मात्र माणसे अजून माचाणावर रात्र काढतात. आजोबांच्या परवान्यात ‘शस्त्र समाधानकारक आहे काय’ असा रकाना कुठे सापडतो का, ते मी नीट पाहिले. तसा रकानाच नव्हता.