फ्यूज आणि आवाज : हिंगणघाटच्या संदर्भात

प्रवाह ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की आधी आपण वितळून पुढचे यंत्र आणि घर वाचवायचे, एवढेच फ्यूजचे काम. तारायंत्रावर वीज कोसळून उपकरणे जळू नयेत म्हणून बारीक तारेचा तुकडा जोडावा, अशी सूचना ब्रेगे या फ्रेंच तंत्रज्ञाने १८४७ मध्ये केली. १८८० च्या दशकात ब्रिटिश टपाल-तार खात्यातील विल्यम प्रीस यांनी तारेची जाडी आणि वितळण्यास लागणारा प्रवाह यांचे नाते मांडले. त्यानुसार तारेचा व्यास दुप्पट केला, तर ती वितळायला सुमारे २.८ पट प्रवाह लागतो.

वणा नदीकाठच्या हिंगणघाटला ही सुरक्षितता विशेष गरजेची होती. येथील कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारातही गावाच्याच नावाने ओळखला जाई. १८८१ मध्ये बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी येथे सुरू झाली. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हवेत रुईचे तंतू तरंगत असतात आणि एखादी ठिणगीही गंजी पेटवू शकते. उघडी तार वितळताना तापलेल्या धातूचे थेंब उडतात. वाळू भरलेल्या बंद नळीचा फ्यूज ही ठिणगी आतच विझवतो, म्हणून कारखान्यांत तो अधिक भरवशाचा ठरतो.

घरात आणि दुकानात मात्र चिनीमातीच्या ‘किटकॅट’ फ्यूजचे राज्य दीर्घकाळ टिकले. फ्यूज उडाला की तो ओढून काढायचा, नवी तार गुंडाळायची आणि पुन्हा बसवायचा. सारखा उडू लागला की जाड तार किंवा वायरीचे दोन-तीन पदर घालण्याची सवयही सर्वत्र पडली. त्यामुळे दिवे चालू राहात, पण संरक्षण जाई : प्रीसच्या गणिताप्रमाणे फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापू लागे.

विजेवर चालणारा आवाज या भागात रेडिओबरोबर रुजला. मुंबईचे प्रसारण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू व्हायला १६ जुलै १९४८ उजाडला. त्या वेळी हिंगणघाट मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने राज्यात विजेचे जाळे वाढवले. व्हॉल्व्हच्या रेडिओत आणि लग्नमंडपातल्या कर्ण्यामागच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेच्या नळीचा छोटा फ्यूज असे. बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरला विजेच्या लाइनवरचा फ्यूज लागतच नसे.

आवाज बिघडण्याची कारणे फ्यूजबाहेरची असत. मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्या क्षणी त्याच डीपीवरचे दिवे मंदावतात आणि साध्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद घटते. पुरवठ्याच्या नियमांनी २३० व्होल्टला सहा टक्क्यांची मुभा दिलेली आहे, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. दोन उपकरणांचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी असले, तर कर्ण्यातून घरघर येते.

एकविसाव्या शतकात हौशी श्रोत्यांसाठी महागडे ‘ऑडिओ फ्यूज’ बाजारात आले. त्यांत चांदी-सोन्याचा मुलामा, सिरॅमिक नळी, अतिशीत प्रक्रिया केलेली तार आणि जोडणीची दिशा दाखवणारा बाण असतो. ही हौस पाश्चात्त्य देशांतून आली. ब्रिटनमध्ये १९४७ पासूनच्या तीन पिनांच्या प्लगमध्येच फ्यूज असतो. भारतीय प्लगमध्ये तो नसल्याने येथे बदलण्याजोगा फ्यूज बहुधा उपकरणातच सापडतो.

अशा फ्यूजने आवाज सुधारतो, या दाव्याची शहानिशा आकड्यांनी होते. एक अ‍ॅम्पिअर प्रवाहाला साध्या काचेच्या फ्यूजमध्ये व्होल्टचा साधारण दहावा भाग गळतो. पुरवठ्यातले चढउतार त्याच्या शंभरपटीहून मोठे असतात. शिवाय फ्यूजमधून जाते ती ५० हर्ट्झची वीज, संगीताचा संकेत नव्हे. पुढे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर तिचे सपाट डीसीत रूपांतर करतात. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा दिशा बदलत असल्याने बाणालाही अर्थ उरत नाही.

एक अपवाद खरा आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधल्या तारेत फ्यूज घातला, तर संगीताचा प्रवाहच त्यातून जातो. खर्जाच्या स्वरांबरोबर तार तापते-निवते, तिचा रोध बदलतो आणि थोडी विकृती मोजता येते. महाग फ्यूजपेक्षा यावर रिले किंवा इलेक्ट्रॉनिक संरक्षण हा सरळ उपाय आहे.

फ्यूज बदलल्यावर फरक जाणवण्याची दुसरीही कारणे आहेत. जुना फ्यूज काढताना होल्डरच्या गंजलेल्या पट्ट्या घासून साफ होतात. शिवाय खर्च केलेल्या वस्तूकडून अपेक्षा वाढते. म्हणूनच कोणता फ्यूज लावला आहे हे ऐकणाऱ्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही कळू न देता तुलना करावी लागते. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी अशा दुहेरी-अंध तुलनेचे उपकरण ध्वनिअभियंत्यांपुढे मांडले.

घरांतल्या किटकॅटची जागा आता एमसीबीने घेतली आहे. उपकरणातला फ्यूज जळाला तर बिघाडाचे कारण शोधून त्याच अ‍ॅम्पिअरचा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच प्रकारचा, म्हणजे जलद किंवा मंद वितळणारा, फ्यूज बसवावा. आवाजासाठी खर्च करायचा असेल तर तो अर्थिंग, योग्य जाडीची वायरिंग आणि चांगले स्पीकर यांवर करणे फायद्याचे ठरते.