ली हुआची पत्रं

ली हुआ हे नाव तुमच्या कानावरून बहुधा गेलं नसेल. पण चीनमध्ये शिकलेला एखादा सहकारी असेल तर त्याच्यापुढे हे नाव काढून बघा. तो नक्की हसेल. ली हुआ गेली कित्येक वर्षं इंग्रजीत पत्रं लिहितोय. कुणाला सणाचं आमंत्रण, कुणाला चहाची माहिती, कुणाचे आभार. २०२३ साली त्याने रायन नावाच्या परदेशी शिक्षकाला कळवलं की बोलण्याच्या सरावासाठी तुम्ही चिठ्ठ्या काढल्यासारख्या जोड्या लावणार आहात, ते काही बरोबर वाटत नाही, दुसरं काहीतरी सुचवतो. २०२४ साली क्रिसला लिहिलं की आमचा चित्रकलेचा तास बागेत झाला. इतकी वर्षं झाली तरी याचं बारावीचं वर्ष काही संपत नाही. मुलगा की मुलगी तेही कुणाला ठाऊक नाही (मी सोयीसाठी 'तो' म्हणतोय).

अर्थात ली हुआ नावाचा असा कुणी माणूस नाही. चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत, म्हणजे गाओकाओत, इंग्रजीच्या पेपरात लेखनाचा प्रश्न 'समजा तुम्ही ली हुआ आहात' असा सुरू होतो. २०२३ साली या परीक्षेला १ कोटी २९ लाख मुलं बसली होती. त्यातली फार थोडी सोडली तर बाकी सगळ्यांनी इंग्रजीचा पेपर दिला, आणि बहुतेक जण त्या दिवशी थोडा वेळ ली हुआ झाले.

आपल्याकडेही बोर्डाच्या पेपरात पत्रलेखन असतंच, मग यात विशेष काय? विशेष असं की त्या पेपराचा इतिहास फार वेडावाकडा आहे, आणि त्यात एक मुलगी जिवानिशी गेलेली आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. १८५८ च्या त्येनचिन कराराने इंग्रजांनी चीनवर बरंच काही लादलं. त्यातलं एक कलम आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल असं आहे: करारातल्या मजकुरावरून वाद झाला तर इंग्रजी प्रत प्रमाण मानायची. म्हणजे क्लायंटच्या भाषेतलं डॉक्युमेंट खरं, तुमचं नुसतं भाषांतर! दरबाराला आपल्याच करारात काय लिहिलंय ते वाचता येणारी माणसं हवी होती. म्हणून १८६२ साली पेकिंगला 'तोंगवेन ग्वान' ही शाळा निघाली आणि दहा मुलांचा पहिला वर्ग भरला. शिकवायला एक इंग्रज मिशनरी ठेवला, त्याला धर्मप्रचार करायचा नाही ही अट घालून.

शहाण्यासुरत्या घरातली मुलं मात्र तिकडे फिरकत नव्हती, कारण नोकरी मिळायची ती जुन्या शाही परीक्षेतून. त्या परीक्षेत 'आठ पायांचा निबंध' लिहावा लागे. किती भाग, कुठल्या क्रमाने, कुठल्या ओळीला कुठली ओळ जोडीला, सगळं ठरलेलं. शेवटच्या, राजवाड्यातल्या परीक्षेत तर अक्षरालाही वजन असे. छापल्यासारखं एकसारखं, काळंभोर, कुणाच्याही हाताचं वाटावं असं अक्षर. ही परीक्षा १९०५ साली बंद झाली. आठ पाय आणि ते अक्षर, दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९४९ नंतर हवा रशियन भाषेची होती. १९५४ साली तर खालच्या माध्यमिक वर्गांतून परदेशी भाषा काढूनच टाकली. मग रशियाशी बिनसलं, आणि १९६४ च्या आराखड्यात इंग्रजी ही पहिली परदेशी भाषा ठरली. रशियन शिकवणारे मास्तर इंग्रजी शिकायला बसले. दोन वर्षांत सांस्कृतिक क्रांती आली आणि सगळंच मुसळ केरात. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकात पहिल्या धड्यापासून माओचा जयजयकार होता. त्या भाषेत घरी आईला साधं पत्र लिहायचं म्हटलं तरी शब्द मिळाले नसते.

१९७३ च्या उन्हाळ्यातल्या दोन उत्तरपत्रिका मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतात.

पहिली लियाओनिंग प्रांतातली. गावाकडे शेतात काम करायला पाठवलेल्या चांग त्येशंग नावाच्या तरुणाने पदार्थविज्ञान-रसायनशास्त्राच्या पेपरात जवळजवळ काहीच लिहिलं नाही. उलट पेपराच्या मागे पुढाऱ्यांना पत्र लिहिलं की मी दिवसभर शेतात राबत होतो, अभ्यासाला वेळ कुठून आणू? त्याला ६ मार्क पडले. पत्र आधी प्रांताच्या आणि मग देशाच्या मुख्य वर्तमानपत्रात छापून आलं, तो 'कोऱ्या पेपराचा वीर' झाला आणि त्याला कॉलेजात प्रवेशही मिळाला.

दुसरी हेनान प्रांतातली, तांगह तालुक्यातल्या मा-चेनफू कम्यूनच्या शाळेतली. जुलै महिना, इंग्रजीची परीक्षा. पंधरा वर्षांच्या एका मुलीला पेपर येईना. तिनेही मागच्या बाजूला चार ओळी खरडल्या. अर्थ असा की मी चिनी आहे, मला परक्यांची भाषा कशाला, एबीसीडी न येताही मी क्रांती करू शकते. तिचं नाव मी मुद्दाम देत नाही. हिचा कुणी वीर केला नाही. वर्गशिक्षकांनी झापलं, मुख्याध्यापकांनी शाळेपुढे विषय काढला, चूक लिहून द्यायला सांगितलं. ती घरी गेलीच नाही. नंतर पाण्यात तिचं प्रेत सापडलं.

पुढच्या वर्षी हे प्रकरण माओची बायको च्यांग चिंग हिच्या हातात पडलं. शिक्षणातल्या 'जुन्या रोगा'चा पुरावा म्हणून ते देशभर फिरवलं गेलं. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक दोघांना दोन-दोन वर्षांची कैद झाली. देशोदेशीच्या शाळांत मुलांना कान पिळून इंग्रजी शिकवलं जातं, आपल्याकडेही. पण या दोघा मास्तरांना जी शिक्षा झाली ती कान पिळल्याची नव्हती, परीक्षा घेतल्याची होती. नंतर कितीतरी शाळांत मास्तर मंडळींनी इंग्रजीच्या पेपराला हातच लावायचा नाही असं ठरवलं असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? माओ गेल्यावर, राजकारण फिरल्यावर, ते दोघे निर्दोष ठरले. मुलीच्या बाबतीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि चारच वर्षांनी वारं उलटं फिरलं. १९७७ च्या हिवाळ्यात गाओकाओ पुन्हा सुरू झाली. ५७ लाख मुलं बसली, त्यातली सुमारे २ लाख ७० हजार घेतली गेली. त्या वर्षी परदेशी भाषेचा पेपर फक्त भाषा शिकायला जाणाऱ्यांना होता. १९७८ साली तो सगळ्यांना आला, पण मार्क बेरजेत धरले नाहीत. मग सुरू झालं ज्याला आपण ऑफिसात फेज्ड रोलआउट म्हणतो ते: १९७९ मध्ये नामांकित विद्यापीठांसाठी १० टक्के मार्क धरायचे, १९८० ला ३०, १९८१ ला ५०, १९८२ ला ७० आणि १९८३ ला पूर्ण १००. एवढ्या मोठ्या देशात, जिथे धड इंग्रजी मास्तर नव्हते, तिथे हे इतक्या शिस्तीत झालं याचं मला खरंच कौतुक वाटतं. (आमच्या प्रोजेक्टचा एक मॉड्यूल असा वेळेवर गेला असता तर...! असो.)

आता प्रश्न असा की लाखो पेपर तपासायचे कसे? वाचन, व्याकरण, भाषांतर हातानं तपासायचं तर दर मास्तराचा हात वेगळा. ग्वांगचौच्या परदेशी भाषा संस्थेतल्या ग्वे शीचुन आणि ली श्याओजू यांनी यावर नव्या धर्तीचा पेपर बनवला. १९८५ साली ग्वांगदोंग प्रांतात त्याची चाचणी झाली, आणि वर्षागणिक वाढत १९८९ पर्यंत तो देशभर गेला. बरेचसे प्रश्न पर्यायांचे, यंत्राने तपासता येतील असे. पण या लोकांचा हेतू नुसती सोय एवढाच नव्हता. व्याकरणाचे नियम पाठ येतात का हे न बघता पोराला इंग्रजी वापरता येतं का, हे बघायचं होतं. म्हणून उतारे जास्त, आणि शेवटी एक छोटं लेखन. परीक्षा बदलली की शिकवणं बदलेल, असा त्यांचा सरळ हिशोब.

वाचनाच्या बाबतीत हिशोब थोडाफार जमला. तोवर वर्गात 'खोल वाचन' चाले, म्हणजे एक धडा घ्यायचा आणि त्यातला शब्द न् शब्द सोलून काढायचा. नव्या पेपरामुळे बाहेरची पुस्तकं, जास्तीचे उतारे शाळेत आले. पुढे त्याचंही तंत्र झालं: आधी प्रश्न वाच, त्यातला शब्द उताऱ्यात शोध, त्याच्या आसपासचं वाक्य बघ. अख्खा उतारा वाचायची गरजच नाही. आपण दहावीला हेच करत होतो, नाही का?

लेखनाच्या बाबतीत मात्र गंमत झाली. चिनी भाषेत क्रियापदाला काळाप्रमाणे रूपं नाहीत, अनेकवचनाचा आपल्यासारखा प्रत्यय नाही, इंग्रजीतल्या 'ए' आणि 'द' सारखं काही नाही. तिथल्या मुलाला इंग्रजी वाक्य लिहिताना दर शब्दाला पाय घसरण्याची भीती. ली हुआच्या पत्रामागची कल्पना चांगली होती: कुणाला लिहितोय, कशासाठी लिहितोय, याचा विचार करून लिही. ची लूशिया या संशोधक बाईंनी पेपर काढणारे, शिक्षक आणि विद्यार्थी अशा सगळ्यांना विचारून २००७ साली जे मांडलं ते असं की वर्गात नेमका हाच विचार गळून जातो. उरतं काय? दिलेले सगळे मुद्दे आले का, व्याकरण चुकलं नाही ना, शब्दसंख्या, आणि अक्षर. तपासनीसाला काय आवडतं ते. म्हणजे पत्र रायनला नसतंच, तपासनीसाला असतं. आठ पाय परत आले म्हणायचे!

आणि अक्षरही आलं. हपै प्रांतातल्या हंगश्वे शहरातली शाळा गाओकाओच्या निकालांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या मुलांचं इंग्रजी अक्षरही. 'हंगश्वे अक्षर' असंच त्याला म्हणतात. गोल, सुटं, सारख्या उंचीचं, प्रिंटरमधून काढल्यासारखं. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, तेव्हा असं अक्षर डोळ्यांना सुखावतं. त्याच्या कित्त्याच्या वह्या देशभर विकल्या जातात. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला तो फॉन्टच वाटला होता.

यावर तोडगा म्हणून जो नवा प्रश्न आला तो मला फार आवडतो. ग्वांगदोंगच्याच वांग चूमिंग या प्राध्यापकांची ही कल्पना. साधारण साडेतीनशे शब्दांची गोष्ट द्यायची, ती मध्येच तोडायची. पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं द्यायची. बाकीचे दीडशे शब्द मुलाने लिहायचे. वाचल्याशिवाय लिहिताच येणार नाही, आणि लिहिताना मूळ लेखकाचे शब्द, त्याची वाक्याची ढब आपोआप हाताला लागते. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्यासारखं. २०१६ साली झेजियांग प्रांतात हा प्रश्न आला, २०२० पासून इतर प्रांतांत पसरत गेला. पत्राला १५ मार्क, गोष्ट पुरी करायला २५.

झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि चांगले मार्क धरले जातात. २०१८ च्या नोव्हेंबरचा पेपर जूनच्या मानाने अवघड निघाला. अधिकाऱ्यांनी काय करावं? वाचनाच्या आणि लेखनाच्या काही अवघड प्रश्नांना जादा वजन देऊन मार्क फिरवले. दोन परीक्षा एका पातळीवर आणणं यात मुळात चूक काही नाही, जगभर करतात. पण नियम पेपर झाल्यावर ठरला, आणि कुणाचे मार्क किती वाढले ते कुणालाच कळेना. आपण अप्रेझलच्या बेल कर्व्हवर किती चिडतो! इथे तर एका मार्कावर हजारो मुलांचा क्रमांक हलतो. पालक रस्त्यावर यायची वेळ आली. प्रांताच्या गव्हर्नरच्या हाताखाली चौकशी बसली, ५ डिसेंबरला ती वजनं रद्द झाली, मूळ मार्क परत आले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

गोष्ट पुरी करण्याच्या प्रश्नाचेही क्लास निघाले, हे सांगायला नकोच. रडू कसं आवरलं, छाती कशी धडधडली, ऊन खिडकीतून कसं आलं, अशा तयार वाक्यांच्या याद्या मुलं पाठ करतात. गोष्ट कुठलीही असो, शेवटी ऊन पडतंच :)

पण २०२३ चा उतारा ज्याने निवडला त्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. गोष्ट सांगणारं मूल ब्राझीलमधून आलेल्या घरातलं. इंग्रजी त्याची दुसरी भाषा, आणि त्यात लिहायचं म्हणजे त्याला इतकं जिवावर येई की टायटॅनिक बुडाल्याचा निबंध लिहिण्याऐवजी शिक्षकांनी त्याला नाटुकलं करून दाखवायची परवानगी दिलेली. तेच शिक्षक लेखनस्पर्धेत भाग घे म्हणतात. ते आधी नाही म्हणतं, मग अमेरिकन क्रांतीतल्या पॉल रिव्हिअरची गोष्ट त्याच्या घोड्याच्या बाजूने लिहू लागतं आणि त्यात रमतं. इथे उतारा तोडलेला आहे. पुढे छापलेली दोन वाक्यं अशी: काही आठवड्यांनी, स्पर्धा विसरत आलो होतो तेव्हा बातमी आली. आणि दुसरं: बक्षीस समारंभानंतर मी सरांच्या खोलीत गेलो.

त्यांच्याखाली रेघा, दीडशे शब्दांपुरत्या.