केडगावला राहायला आलेल्या मडमा आणि तीन आठवड्यांची समाजसेवा

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. (नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं.) गाडीत बसलेल्या दहा जणांना विचारा, इथे काय आहे? गुळाची गुऱ्हाळं म्हणतील, कांदा मार्केट म्हणतील. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन एखादाच सांगेल. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या बायका आगबोटीने मुंबईला उतरून याच स्टेशनचा पत्ता विचारत यायच्या. कशाला? निराधार पोरींना शिकवायला, त्यांची आजारपणं काढायला.

आधी थोडं मागे जाऊ. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथे संस्कृतही शिकवलं. म्हणजे परदेशातल्या शाळेत जाऊन शिकवण्याची गोष्ट आपल्याकडून तिकडेही गेलेली आहे. ते आपण विसरतो. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या लोकांनी मंडळ काढलं, दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आधीच्या गोदूबाई, तिथल्याच विद्यार्थिनी.

आता माझ्या मते खरी हुशारी. दहा वर्षांनी बोस्टनचा पैसा आटणार हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. देणगीदार खुशीत असतानाच देणगी बंद झाल्यावरची सोय! आजच्या किती संस्थाचालकांना हे सुचतं?

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई. मग केडगावच्या शेतातच झोपड्या, तंबू. पुढे पक्क्या इमारती. १९०० च्या दुष्काळानंतर माणसं दीड हजारांच्या वर गेली. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं, खरूज-तापावर औषध करायचं, वर अक्षर शिकवायचं. गंमत नाही.

इथे त्या परदेशी बायका येतात. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई १८८७ मध्येच भारतात आलेली. इथे दहा-एक वर्षं काढून, मराठी शिकून मग ती केडगावला आली. म्हणजे मुलीच्या पोटात दुखतंय हे तिला दुभाष्याशिवाय कळत होतं. आणि कारभार कुणाच्या हातात? रमाबाईंच्या. गोरी बाई एका मराठी बाईच्या हाताखाली काम करतेय, तेही इंग्रजांच्या राज्यात. मुली शेती करत, विणकाम करत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली आणि तिने अंध मुलींना वाचायला शिकवलं.

यात धर्मप्रसार होता का? होता, सरळ होता. शारदा सदनात असतानाच १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं, ‘केसरी’ने झोडपलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगावला तर संस्था उघडच ख्रिस्ती होती. उपाशी पोरीला भाकरीबरोबर धर्म द्यावा का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. रमाबाईंचा मान राखूनही तो विचारता येतो. पण त्या बायका फोटो काढून परत गेल्या नाहीत, हेही लिहायला पाहिजे.

हे सगळं आज काढायचं कारण, आपल्या तालुक्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारी एक जाहिरात. ‘कंबोडियातल्या खेड्यातल्या अनाथ मुलांना तीन आठवडे शिकवा, सर्टिफिकेट मिळवा, परदेशी अ‍ॅडमिशनला उपयोगी.’ दोघा-तिघांनी मला विचारलं, पोरीला पाठवू का?

कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीत लाखो माणसं मेली, हे खरंच. पण ती राजवट १९७९ ला संपली. अनाथालयं वाढली ती फार नंतर, अंगकोर वाट बघायला पर्यटकांची रीघ लागली तेव्हा. २००५ मध्ये १५४ संस्था होत्या, २०१० मध्ये २६९. आणि त्यातल्या चारपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते! गरीब आई-बापांना सांगायचं, पोराला शिकवतो, खायला घालतो. पोर संस्थेत आलं की पाहुणे येतात, पाहुणे आले की डॉलर येतात. पाहुणी तीन आठवडे पोराला मांडीवर घेते, मग जाते. पुढच्या सोमवारी दुसरी. त्या पोराचं काय होत असेल?

मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नाही, अशी मोहीम २०११ मध्ये तिथे चालवावी लागली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामगिरीचाच प्रकार धरला गेला.

ज्यांनी विचारलं त्यांना एवढंच सांगितलं, जाहिरातीवरच्या नंबरला फोन लावा आणि विचारा : या मुलांचे आई-बाप कुठे आहेत? शाळेची मुख्याध्यापिका तिथलीच आहे का? आमच्या मुलीला ख्मेर भाषा येत नाही, मग ती नक्की काय शिकवणार? आणि तीन आठवडे झाल्यावर तो वर्ग कोण घेणार? काय उत्तर येतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.