परमुलखातलं ताट : खानावळ, कुड आणि हमरस्ता

मंडळी, आज जेवणाबद्दल बोलायचं आहे, पण पाककृतींबद्दल नाही. घर सोडून परमुलखात राहणारा माणूस जेवतो कुठे, त्याला वाढतं कोण, आणि त्यानं मोजलेला पैसा शेवटी कोणाच्या गाठीला राहतो, एवढंच आम्हाला बघायचं आहे. हे बघायला गडबसारखी जागा नाही. वडखळ मागे पडलं, नागोठणं अजून यायचंय, मध्ये हे गाव. अंगावरून मुंबई-गोवा हमरस्ता जातो. पूर्वी त्याला एनएच-१७ म्हणायचे, आता ६६ म्हणतात. वडखळला अलिबागचा फाटा. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. म्हणजे परगावचा माणूस इथे कधी प्रवासी म्हणून येतो, कधी पर्यटक म्हणून, कधी कामगार म्हणून. शंभर वर्षांपूर्वी मात्र चित्र उलटं होतं. तेव्हा परगावचे आपण होतो.

आपल्याकडे पैसे मोजून बाहेर जेवणं ही फार जुनी गोष्ट नाही. प्रवासी धर्मशाळेत उतरायचा, तीन दगडांची चूल मांडायचा आणि स्वतःच्या हातानं भात शिजवायचा. पुण्याला शिकायला गेलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा किंवा वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार. त्यात पैसा नव्हता, उपकार होता, आणि उपकाराचं ओझं त्या पोरांना चांगलंच कळायचं. शिवाय ही सोय जातीच्या आतली. बाकीच्यांच्या पोरांनी काय करायचं, याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हतं.

उत्तर दिलं ते मुंबईच्या गिरण्यांनी. म्हणजे देण्याची वेळ त्यांनी आणली. कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, गिरणगाव हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. कामाला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरीची सर्वांत जास्त. आपल्या कुलाबा जिल्ह्यातलीही होती. बायको-पोरं गावी, शेत गावी, देव गावी. मुंबईत फक्त बाप्या. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपणारे. ही माणसं मुंबईकर झाली नाहीत. गणपतीला, शिमग्याला घरी जायचं, भात लावायला जायचं, म्हातारपणी कायमचं परत यायचं. आज परदेशात नोकरीला गेलेल्यांबद्दल आपण जे बोलतो, त्यांचा पैसा घरी येतो, मन घरी असतं, वगैरे, ते सगळं या माणसांना लागू होतं. अंतर तेवढं कमी.

अंतर कमी म्हणून वाट सोपी होती असं मात्र समजू नका. अलिबागकडची माणसं भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला यायची. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढ अमावास्येचा सुमार होता. गटारीला घरी जेवायला निघालेले त्यात किती असतील, विचार करा.

तर या बाप्यांना जेवू कोण घालणार? कोणीतरी बाई. गावाकडून नवऱ्याबरोबर आलेली, विधवा झालेली, नाहीतर नवऱ्याची नोकरी सुटलेली. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात स्वतःचा संसार, आणि त्याच चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक. हीच खानावळ. पाटी नाही, गल्ला नाही. महिन्याचा हिशोब, जेवण चुकलं तर खाडा, पगार झाला की पैसे. जेवणारे बहुतेक एकाच तालुक्यातले, अनेकदा एकाच गावचे आणि जातीचे. त्यामुळे आमटीला चव गावची असायची, आणि गावची भांडणंही तिथेच जेवायला बसायची.

या धंद्याचं वर्म बघा. खानावळवालीचं भांडवल म्हणजे उधारी. वाण्याकडून ती किराणा उधार आणणार, जेवणाऱ्याला उधार वाढणार, आणि मधली फट भरायला सावकाराकडून व्याजानं पैसे घेणार. गिरणी चालू तोवर हे चाक फिरतं. संप झाला की जेवणारा म्हणतो, "मावशी, पुढच्या महिन्यात." मावशी काय म्हणणार? समोर उपाशी बसलेला माणूस गाववाला आहे. ती वाढते. मग मंगळसूत्र गहाण जातं. मुंबईतल्या संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, वाटाघाटी आहेत, गोळीबार आहेत. संपकऱ्यांनी महिनोन्‌महिने खाल्लं काय, याचा जमाखर्च फारसा कोणी लिहिलेला नाही. आमच्या मते संपाचा एक मोठा देणगीदार ही खानावळवाली होती, आणि देणगी द्यायची आहे का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

हे ज्यांना दिसलं त्यांच्यातल्या एक प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यातल्या, मग मुंबईत कामगार चळवळीत. १९७५ मध्ये त्यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मागणी साधी होती: राष्ट्रीयीकृत बँकांनी या बायकांना कर्ज द्यावं. तारण काय, तर काही नाही; एकमेकींची हमी. आज बचत गट म्हटलं की आपल्याला नवल वाटत नाही, पण त्या काळी बँकेच्या दारात खानावळवाली उभी राहणं हेच नवल होतं. कर्ज मिळालं, ते फिटलंही. आणि सावकाराच्या व्याजात जाणारा पैसा पहिल्यांदा चुलीपाशी राहिला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरणगावच विस्कटलं. गिऱ्हाईकच राहिलं नाही तिथे खानावळ कुठली राहणार?

मुंबईत अशीच परकी असलेली दुसरी माणसं म्हणजे गोवेकर. धोबीतलाव भागात त्यांचे 'कुड' होते, काही अजून आहेत. गावागावाचा क्लब म्हणा ना. बोटीवर नोकरी लागेपर्यंत किंवा दोन सफरींच्या मध्ये गोव्याचा खलाशी तिथे आपली पेटी ठेवून राहायचा. या कुडांतून निघालेले आचारी आणि वाढपी साहेबांच्या क्लबात, आगबोटींवर, रेल्वेच्या उपाहारगृहांत पोचले. आणि साहेब म्हणजे तरी कोण? घरापासून सर्वांत लांब आलेला माणूस. आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान त्यानं स्वतःसाठी वसवलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये डोंगर चढून गेले, १९०७ मध्ये आदमजी पीरभाईंची छोटी गाडी नेरळहून वर जाऊ लागली. साहेबाला थंड हवा, पारशांना हॉटेलं आणि बंगले, आणि डोंगरातल्या ठाकूर-धनगरांना काय? ओझी. माथेरानचा सगळा हिशोब या एका ओळीत बसत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण ओळ खोटीही नाही.

इथे एक गोष्ट राहून चालणार नाही. पैसे असले तरी बाहेर जेवता येईलच असं नव्हतं. कोणाच्या पंक्तीला कोण, कोणाला कप वेगळा, कोणी चहा बाहेर उभं राहून प्यायचा, हे ठरलेलं होतं. इराण्याचं हॉटेल लोकांना आवडायचं त्याचं एक कारण असं की इराणी स्वतःच परका. त्याला तुमच्या गावकीशी घेणंदेणं नव्हतं. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर दंगा उसळला तेव्हा परिषदेला आलेली काही माणसं मंडपात जेवत होती; हल्ला त्या पंक्तीवर झाला, अन्न मातीत गेलं. महाड आपल्याच जिल्ह्यात, याच हमरस्त्यावर. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं असे शब्द स्पष्टपणे आले. इतक्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेल कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी परगावी उपाशीपोटी दारातून परत फिरलेल्या माणसाला विचारावं.

आता हाच रस्ता धरून खाली जाऊ. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या शेवटाकडे कळंगुट-हणजुण्याला परदेशी तरुण येऊन राहू लागले. त्यांच्यासाठी हॉटेलं नव्हती. ते गावातल्या घरांत खोली घ्यायचे आणि त्याच घरच्या बाईच्या हातचं मासळी-भात खायचे. नीट बघितलं तर ही गिरणगावचीच खानावळ. फक्त जेवणारा गोरा. मग १९८० च्या दशकात चार्टर विमानं आली, मोठी रिसॉर्टं आली, किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांचे शॅक आले. गोवा सरकारनं शॅकचे परवाने स्थानिकांनाच द्यायचं ठरवलं, तरी परवाना गोंयकाराच्या नावावर आणि धंदा बाहेरच्याचा, अशा तक्रारी सतत होत राहिल्या. मोरजीला पाट्या रशियन भाषेत लागल्या, तेव्हा काहींना गंमत वाटली, काहींना राग आला.

याच कहाणीचं सर्वांत टोकाचं रूप पाहायचं तर थायलंडचं पटाया. ते होतं कोळ्यांचं गाव. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक तिथे सुटीला येऊ लागले, जवळच उ-तापाओचा विमानतळ होता. युद्ध संपलं, सैनिक गेले, पण शहर परक्यासाठीच उभं राहिलेलं. मग युरोपातले निवृत्त लोक येऊन राहिले. सकाळी त्यांना इंग्रजी नाश्ता लागतो, दुपारी जर्मन सॉसेज. आणि आता भारतीय पर्यटक एवढे जातात की डाळ-भात, जैन जेवणही मिळतं. आपल्या मराठी सहली तर जेवणाची हमी दिल्याशिवाय निघतच नाहीत! आम्ही हसतो, पण गिरणीतल्या बाप्याला गावची आमटी हवी होती, त्याहून हे वेगळं काय?

थाई सरकारनं एक गोष्ट केली. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात अन्न आणि पेयं विकण्याचा धंदा बंधनांच्या यादीत घातला. ज्या कंपनीत परदेशी भांडवल निम्मं किंवा अधिक, तिला खास परवान्याशिवाय तो करता येत नाही. जमीनही परदेशी माणसाला सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कायदा कडक आहे, आणि पळवाटही तितकीच प्रसिद्ध आहे: थाई बायकोच्या किंवा भागीदाराच्या नावावर हॉटेल. नाव एकाचं आणि चावी दुसऱ्याची. गोव्यातला शॅक आठवा.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसता परवाना पुरत नाही. परवाना, जागा आणि खेळतं भांडवल, या तिन्ही गोष्टी वाढणाऱ्याच्या हातात हव्यात. प्रेमाताईंच्या बायकांकडे हातगुण आणि गिऱ्हाईक होतं, भांडवल नव्हतं. माथेरानच्या ठाकरांकडे डोंगराची सगळी माहिती होती, जागा नव्हती.

आणि आता गडब. डोलवीचा कारखाना १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पातचा म्हणून उभा राहिला, नंतर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूनं तो घेतला. एवढा कारखाना म्हटला की ठेकेदार आले, ठेकेदारांबरोबर उत्तरेतून, ओडिशा-झारखंडातून माणसं आली. बाप्येच, बायको-पोरं गावी. खोल्या भाड्यानं, एका खोलीत सात-आठ. कुठं ऐकल्यासारखं वाटतंय ना? त्यांना भाताची भाकरी आणि सुकट नको असते, त्यांना रोटी आणि सरसूच्या तेलातली भाजी हवी असते. आम्हाला त्यात गैर काही दिसत नाही. परळला आपल्या माणसांनाही त्या गावचं जेवण नको होतं. पण परळला त्यांना वाढणारी बाई आपल्याच गावची होती. इथे मेस चालवणारा बहुधा ठेकेदाराबरोबरच बाहेरून येतो. गावाला मिळतं ते खोलीचं भाडं.

दुसरीकडे अलिबागला जाणारी गाडी. तिला नेमकं इथलंच जेवण हवं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आगरी माणूस मुंबईच्या पाहुण्यापुढे सुकट ठेवायला लाजायचा, आता 'आगरी-कोळी थाळी' अशी मोठाली पाटी लागते. खारेपाटातला जिताडा, जो पूर्वी साहेबाच्या घरी नजराणा म्हणून जायचा, तो आज मेन्यूकार्डावर सर्वांत महाग आहे. थंडीत भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात शिजवलेली पोपटी, जी शेताच्या बांधावर पोरं फुकट खायची, तिची आता आगाऊ ऑर्डर घेतात. चांगलंच आहे. फक्त पाटीमागे जमीन कोणाची, हे बघत चला. याच पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई सेझवर मतदान केलं, तेव्हा प्रश्न शेताचा होता. रस्त्याकडेच्या पाच गुंठ्यांवर असं मतदान कोणी घेत नाही. ते गुपचूप विकले जातात, आणि मग त्याच जागेवरच्या हॉटेलात जुन्या मालकाची सून भाकऱ्या भाजायला पगारावर लागते. चौपदरी रस्ता पुरा झाला आणि गाड्या वस्ती टाळून वरून जाऊ लागल्या की, कडेला टोपलीत भाजी, कलिंगडं घेऊन बसणाऱ्या बायकांचं काय, तेही बघावं लागेल. पुलावर गाडी थांबत नाही.

शेवटी एक विनंती. गिरणगावच्या खानावळींबद्दल लिहिलेलं आहे, पण खानावळवालीच्या स्वतःच्या वह्या फार थोड्या सापडतात. पेण-अलिबागकडच्या कोणाच्या आजीनं, आत्यानं मुंबईत खानावळ चालवली असेल, आणि खाड्यांच्या, उधारीच्या वह्या घरात माळ्यावर पडल्या असतील, तर रद्दीत देऊ नका. पेन्सिलीचे आकडे पुसट झाले असले तरी चालतील. कोण किती दिवस जेवला आणि पैसे कधी दिले एवढं कळलं तरी पुरे. आता प्रश्न घेऊ.