विस्कॉन्सिन : जिथं पिवळं मार्गारीन विकणं गुन्हा होता

मार्गारीन हा लोण्याऐवजी वापरला जाणारा स्वस्त पदार्थ. फ्रान्समधले रसायनतज्ज्ञ इपोलित मेज-मूरिएस यांनी १८६९ मध्ये तो गुरांच्या चरबीपासून तयार केला. पुढे त्यात वनस्पती तेलं वापरली जाऊ लागली. अमेरिकेत हा पदार्थ पोहोचताच दूध उत्पादक धास्तावले, कारण पिवळा रंग दिला की तो थेट लोण्यासारखा दिसे.

१८८६ मध्ये अमेरिकी सरकारनं मार्गारीनवर कर बसवला. दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध असलेलं विस्कॉन्सिन राज्य त्याच्याही पुढे गेलं. १८९५ मध्ये तिथं पिवळ्या मार्गारीनच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आली. गिऱ्हाइकाची फसवणूक टाळणं हे कारण सांगितलं गेलं, पण शेतकऱ्यांचं उत्पन्न सांभाळणं हाही हेतू होताच. त्याची झळ मात्र लोणी न परवडणाऱ्या घरांना बसली.

लोकांनी यातून वाटा काढल्या. पांढऱ्या मार्गारीनसोबत रंगाची छोटी पुडी किंवा गोळी मिळे. ती घरी मळून मिसळायची. अनेक घरांत हे काम मुलांकडे असे. दुसरी वाट शेजारच्या इलिनॉय राज्यात जायची. पिवळ्या मार्गारीनवर तिथली बंदी उठल्यावर विस्कॉन्सिनची कुटुंबं गाडी घेऊन सीमेपलीकडे जात आणि स्वतःसाठी, शेजाऱ्यांसाठी खोकी भरून मार्गारीन आणत.

बंदीचे कट्टर समर्थक होते राज्याच्या सिनेटचे सदस्य गॉर्डन रोझलीप. १९६५ मध्ये लोणी आणि मार्गारीन चवीवरून ओळखण्याचं आव्हान त्यांनी स्वीकारलं. डोळे बांधून चव घेतल्यावर त्यांनी मार्गारीनलाच लोणी ठरवलं! त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी पत्नी घरी गुपचूप मार्गारीनच वाढत असे, असं पुढे कुटुंबीयांनी सांगितलं. म्हणजे ज्या चवीला ते लोणी समजत होते, ती मार्गारीनचीच होती.

अखेर १९६७ मध्ये विस्कॉन्सिननं ही बंदी उठवली. अमेरिकेत अशी बंदी उठवणारं ते शेवटचं राज्य ठरलं. तरी कायद्याचा काही भाग मागे उरला. गिऱ्हाइकानं स्वतः मागितल्याशिवाय उपाहारगृहानं लोण्याऐवजी रंगीत मार्गारीन वाढू नये, असा नियम त्यानंतरही तिथं कायम राहिला.