दवाखान्याच्या पंचांत कोण बसते?

वाचक हो, गावात विहीर खोदायची असली म्हणजे जागा ठरवायला कोणाला बोलावतात? ज्याची जमीन त्याला, ज्याचे गावात वजन त्याला. पाणी वाहायचे असते बाईला, पण तिला कोणी विचारीत नाही. दवाखान्याच्या कारभाराचेही पुष्कळदा असेच होते. म्हणून आज औषधांची चर्चा बाजूला ठेवू. दवाखान्याचा कारभार ठरवणाऱ्या पंचांत कोण बसते आणि त्याने काय फरक पडतो, हे इतिहासात पाहू.

प्रथम मुंबईला जाऊ. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढलेले बरे, असे मानणाऱ्या बायका त्या काळी घरोघरी होत्या. १८८२ साली जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभा केला. १८८३ साली एडिथ पीची ही डॉक्टरीणबाई विलायतेहून आली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे रोगी स्त्री, डॉक्टर स्त्री, आणि मुख्य म्हणजे कारभार पाहणारीही स्त्रीच! स्त्री-डॉक्टरला पुरुषाइतकेच वेतन मिळावे, असा आग्रह पीचीबाईंनी धरला. अधिकाराच्या जागी बसलेल्या बाईलाच हा प्रश्न सुचला, हे ध्यानात घ्या.

त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाचा स्त्री-विभाग त्यांच्या हाती यायचा होता. पण क्षयाने त्यांना गाठले आणि १८८७ साली त्या गेल्या. पुढे सुतार समाजातल्या डॉ. रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाचा कारभार अनेक वर्षे मुख्य म्हणून सांभाळला. म्हणजे बाई दवाखाना चालवू शकते की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकातच निकालात निघाला होता.

पण हे झाले शहराचे. खेड्याचे काय? १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. गावोगाव पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, असे तिने सुचवले होते. कल्पना चांगली होती, पण ती डोंगर चढून वर यायला फार वर्षे लागली.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याकडे वळू. सत्ता इथल्या आदिवासींना परकी नव्हे. जव्हारच्या गादीवर महादेव कोळी समाजाचे मुकणे घराणे होते आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ते राहिले. जव्हारच्या कुटीर रुग्णालयाला आजही पतंगशाह राजाचे नाव आहे. पण विलीनीकरणानंतर निर्णय गेले ठाण्याला आणि मुंबईला. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तोवर मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडे होते.

मधल्या काळात १९९२ साल आले. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची लेकरे कुपोषणाने दगावली आणि सारे राज्य हादरले. शिधा, रस्ता, अंगणवाडी, दवाखाना या सगळ्यांचा हिशेब दूरच्या कचेरीत होत होता. उपाशी लेकराची आई त्या हिशेबात कोठेच नव्हती. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात. पण ज्याला कळते त्याला बोलायला जागा कोठे होती?

ती जागा पुढे कायद्याने येऊ लागली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातली सरपंचपदे आदिवासींसाठी राखली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावाची आरोग्य समिती आली. तिला वर्षाकाठी दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंध निधी ठरला, आणि निम्मे सभासद तरी बायका असाव्यात असा दंडक घातला. २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्या गावसमितीत तर गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनाच सभासद केले. जिच्या ताटात अन्न पडायचे, तीच आता पंच झाली! कामा रुग्णालयापासून निघालेली वाट इथवर आली आहे.

पण कागदावरची जागा आणि खरी जागा यांत अंतर असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. सभा पौषात घेतली तर त्यांची जागा रिकामीच राहणार. ठराव पुस्तकी मराठीत वाचला आणि समोर वारली किंवा कातकरी बोलणारी बाई असली, तर ती मान डोलावील, मत देणार नाही. कुठे बाई सभासद असते, पण बोलतो तिचा नवरा. आणि खुर्ची मिळाली म्हणून रस्ता होतो, डॉक्टर येतो, असेही नाही. मात्र रस्ता का झाला नाही, हे तोंडावर विचारणारे माणूस तेथे बसलेले असते. हे काही थोडे नव्हे.

म्हणून गावकरी मंडळी, समितीची सभा माणसे स्थलांतराला जाण्याआधी ठेवा. आणि गुरुजी, बाई, तुम्ही एवढे करा : ठरावाची वही सभेत मोठ्याने वाचा, तिथल्या बोलीत समजावून सांगा, आणि कोणाचा अंगठा घेण्याआधी त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐका. पैसा किती आला आणि कशावर गेला, हे त्या आईला समजले, की पुढचा प्रश्न ती स्वतःच विचारील.