मधला निरोप्या

आमच्या चिंचोटीच्या धबधब्याकडे निघालात की फोनची बॅटरी भराभर उतरते. लांबच्या टॉवरपर्यंत त्याला ओरडावं लागतं ना! मोकळ्या जागेत अंतर अर्धं झालं तर पाव शक्ती पुरते. म्हणजे मध्ये एक निरोप्या ठेवला, तर दोघांची मिळून निम्मीच. अशा निरोप्याचं माहितीशास्त्रीय गणित व्हॅन डर म्युलेन यांनी १९७१ मध्ये मांडलं.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, खामलोलीला, आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकरांच्या टीमनं टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरल्या. त्या कमी शक्तीत झाडीतूनही जातात. पुढे गावात वायफाय. २०१७ मध्ये त्यांच्या 'ग्राममार्ग'ला मोझिलाचं बक्षीस मिळालं. मला मात्र त्यात पंचायतीला भागीदार करणं जास्त भारी वाटतं. निरोप्या नुसता ऐकत बसला तरी वीज खातो राव, मग ते बिल कोण भरणार, हे गावाशी आधी बोलूनच ठरवावं लागतं.